चालणाऱ्या बाईचे चाळीस सेकंद

४ नोव्हेंबर, बुधवार

'वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू' पुरस्काराच्या पाच परीक्षकांत यंदा माझं नाव आहे. वाहिनीच्या निर्मातीने सकाळी साडेदहाला फोनवर पक्कं केलं, अकराला ईमेल आली. साडेअकराला संपादकांनी खोलीत बोलावून अभिनंदन केलं, तेव्हा कळलं की त्यांना ही बातमी आठवडाभर आधीपासून माहीत होती.

तीस वर्षं क्रीडापान लावतोय आणि तीस वर्षं दर डिसेंबरात या कार्यक्रमाला नावं ठेवतोय. जाहिरातीत ज्याचा चेहरा जास्त तो सर्वोत्तम, एवढाच त्यांचा हिशेब. एका वर्षी तर गुडघा दुखावून नऊ महिने घरी बसलेल्या माणसाला दिला. आता मला आत घेऊन गप्प करायचा बेत असेल, तर त्यांनी माणूस चुकीचा निवडलाय.

घरी बायकोला सांगितलं. ती शाळेचे गणिताचे पेपर तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. यंदा टीव्हीवर ओरडणार नाही तुम्ही." तेवढ्यात मेहुण्याचा फोन. त्याला ही बातमी कुठून लागते देव जाणे. "भाऊजी, स्ट्रायकरला द्या, नाहीतर आपलं नातं संपलं." म्हटलं, अशी संधी वीस वर्षांत पहिल्यांदा आली आहे.

ईमेलसोबत बारा जणांची यादी आहे. तीन फुटबॉलवाले, त्यांत तो स्ट्रायकर. दोन टेनिसवाल्या. पोहणारा. एक मोटार शर्यतवाला, जो या देशात राहतही नाही. आणि एप्रिलमध्ये आपल्याच शहरात, नदीकाठच्या रस्त्यावर, वीस किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत संपूर्ण खंडात पहिली आलेली बाई? नाही. बारांत नाही. टपाल कार्यालयात नोकरी करून, चौतिसाव्या वर्षी खंडाचं अजिंक्यपद मिळवलं, आणि यादीत मोटारवाला.

हिला म्हटलं, बघ, तुझी चालणारी यादीत नाही. ही त्या शर्यतीत पंच होती. बावीस वर्षं रविवारी उजाडायच्या आत उठून ही कुठल्यातरी वळणावर इशाऱ्याच्या पिवळ्या पाट्या घेऊन उभी राहते. यादीचं ऐकून हिने हातातलं पेन टोपण लावून खाली ठेवलं.

७ नोव्हेंबर, शनिवार

पहिली बैठक. वाहिनीच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर, काचेच्या खोलीत. खोलीत इतका गारठा की परीक्षकांतली सिनेनायिका शाल घेऊन बसली होती.

अध्यक्ष कप्तान. फुटबॉलमधून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी सगळे त्यांना कप्तानच म्हणतात, आणि दार कुणीतरी उघडेल म्हणून ते अजूनही दारापाशी थांबतात. नायिका, जिने एका चित्रपटात धावपटूचं काम केलं होतं. हाडांचे डॉक्टर. बूटवाले, म्हणजे प्रायोजक कंपनीचा माणूस. आणि मी.

प्रत्येक परीक्षकाला एक नाव वाढवता येतं. मी चालणारीचं सांगितलं. बूटवाले म्हणाले, "चालतो तर मीही. डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर सांगितलंय." सगळे हसले. कप्तान हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळ पाहिलं. नायिकेने विचारलं की या शर्यतीतल्या बायका कंबर हलवत का चालतात. डॉक्टरांनी सांगितलं, ते बरोबर सांगितलं, पण कंबर हलवून दाखवत सांगितलं, त्यामुळे पुन्हा हसू.

मग निर्मातीने खरी अडचण सांगितली. अंतिम पाचांतल्या प्रत्येकावर चाळीस सेकंदांची फिल्म दाखवावी लागते. फिल्म नाही तर नाव नाही. नियमांत असं कुठे लिहिलंय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "लिहिलेलं नाही सर, पण कार्यक्रम टीव्हीवर आहे." चालणारीचं त्यांच्याकडे किती आहे? अकरा सेकंद. त्यांतले सहा सेकंद स्वागताच्या फलकाचे.

म्हणजे लायकी ठरते ती कुणाचा कॅमेरा कुठे वळला यावर. मी हे बोललो, जरा आवाज चढवूनच. निर्माती चिडली नाही. तिने सगळ्या उमेदवारांच्या कात्रणांची एक जाड फाइल माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, वर्षभरात छापून आलेलं सगळं यात आहे, तुमच्या पेपरातलंही, सवडीने बघा. तीस वर्षं मीच छापतोय ते. न उघडता पिशवीत टाकली.

तेरावं नाव तात्पुरतं नोंदवलंय. पुढच्या बैठकीपर्यंत चाळीस सेकंद आणायचे.

९ नोव्हेंबर, सोमवार

टपाल कार्यालयात गेलो. चालणारी तिसऱ्या खिडकीवर, नोंदणी पत्रांच्या. दिवसभर बसून काम. मी रांगेतच उभा राहिलो. माझ्या पुढच्या बाईंना तिने पाकिटावरचा पत्ता पुन्हा नीट लिहायला लावला आणि त्या तिच्यावर खेकसल्या. त्यांना काय कल्पना.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर बाकावर बसलो. ती डबा खाताखाता बोलत होती. मी पुरस्काराचं सांगितलं, यादीत नाव नव्हतं ते सांगितलं, हा कसा अन्याय आहे ते सविस्तर सांगितलं. तिने मध्येच विचारलं, "सर, पाचांत येईन का?"

म्हटलं, पाचांत काय, पहिली यायला हवीस. तिने मान हलवली. तिच्या खात्याचं एक परिपत्रक आहे. या पुरस्काराच्या अंतिम पाचांत जो कर्मचारी येईल त्याला वर्षभर दुपारी एकनंतर सरावासाठी सुट्टी. आत्ता ती सकाळी चारला उठून चालते आणि संध्याकाळी सहानंतर वर्दळीच्या रस्त्याच्या कडेने. गेल्या महिन्यात एका सायकलवाल्याने धडक दिली. दंडावर अजून व्रण आहे. असं आणखी एक वर्ष निघणार नाही, म्हणाली. अर्धा दिवस मिळाला तर पुढच्या मोठ्या स्पर्धेपर्यंत जाईन, नाहीतर मार्चमध्ये थांबते. हे तिने टपालाचे दर सांगावेत इतक्या सरळ सांगितलं.

चाळीस सेकंदांचं विचारलं. तिच्या बहिणीचं घर नदीकाठच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. तिने गच्चीतून सगळी शर्यत फोनवर घेतली आहे. दीड तास.

दीड तास. आणि वाहिनीकडे अकरा सेकंद.

निघताना म्हणाली, "मॅडमना नमस्कार सांगा. पहिल्याच फेरीत पाटी दाखवली होती त्यांनी मला." ती जे कृतज्ञतेने सांगत होती, ते मला तक्रारीसारखं वाटलं. हिने आपल्याच गावच्या बाईला पाटी दाखवायची काय गरज होती?

१० नोव्हेंबर, मंगळवार

बहिणीकडून फिल्म मिळाली. स्पष्ट आहे, कडेने घेतलेली, पाय नीट दिसतात. घरी येऊन हिला आनंदाने दाखवायला गेलो तर हिचा चेहरा उतरला.

"ही देऊ नका," म्हणाली. "आमच्या खेळात कॅमेऱ्याला विचारत नाहीत."

तेवढ्यात कार्यालयातून फोन. व्हॉलीबॉलच्या सामन्याचा निकाल पानावर होता पण गुण नव्हते, आणि पान सुटायला वीस मिनिटं. मी गुण शोधत होतो आणि ही मागे उभी राहून काहीतरी समजावत होती. जमीन, पाऊल, डोळा. मी बघू, बघू म्हटलं. गुण सापडले. वळून पाहिलं तर ही आत निघून गेली होती.

हिचं हे नेहमीचं आहे. नियम म्हणजे नियम. जगात सगळ्यांनी स्वतःचा ढोल बडवायचा आणि आपण मात्र आपली फिल्मसुद्धा दाखवायची नाही.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

फिल्म दिली. निर्माती खूश. म्हणाली, संकलकाने त्यातले फार सुंदर तुकडे काढलेत, बघाल तर थक्क व्हाल.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

थक्क झालो.

संकलकाने फिल्म संथ केली होती. सुंदर दिसते म्हणून. काळ्या पडद्यावर चालणारी आली, हळूहळू, केसांची बट उडतेय, मागे नदी. मला वाटलं, झालं काम. नायिका तर पुढे सरकून बसली. आणि बूटवाल्यांनी विचारलं, "जरा थांबवता का?"

चित्र थांबलं. दोन्ही पावलं हवेत. खाली दोन बोटं उजेड.

"ही तर पळतेय," बूटवाले म्हणाले. ते आवाज चढवूनही बोलले नाहीत, म्हणून जास्त लागलं. नायिका म्हणाली, म्हणजे फसवणूक? डॉक्टरांनी चष्मा पुसला. या शर्यतीत एक पाऊल कायम जमिनीला टेकलेलं हवं, एवढं सगळ्यांना माहीत होतं, कारण गेल्या बैठकीत मीच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. निर्मातीने पुन्हा चालवली. पुन्हा हवेत. प्रत्येक पावलाला हवेत. बहिणीने इतकी स्वच्छ फिल्म घेतली नसती तर बरं झालं असतं.

कप्तान माझ्याकडे वळले. "तू जाणकार. तू सांग. हे चालणं आहे का?"

मला सांगता आलं नाही. तीस वर्षांत या खेळाचा नियम मी कधी पूर्ण वाचलेला नाही. 'माहिती घेऊन सांगतो' असं म्हणालो. कुणी बातमीदार माझ्यासमोर हे वाक्य बोलला तर मी त्याला परत पाठवतो.

निर्मातीचं म्हणणं, ही फिल्म दाखवली तर लोक फाडून खातील, तिलाही आणि आम्हालाही. न दाखवली तर फिल्म नाही, म्हणजे नाव नाही. निर्णय शनिवारी.

बाहेर पडताना बूटवाल्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, तुमची तळमळ आवडली. मला त्यांच्या बुटांवर पाय द्यावासा वाटला.

१८ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी हिला सांगितलं. ही रागावली असती तर सोपं गेलं असतं.

हिने सांगितलं ते असं. ताशी तेरा-चौदा किलोमीटरने कुणीही चाललं तर क्षणभर दोन्ही पावलं सुटतातच. पहिलीची, शेवटचीची, सगळ्यांची. तो क्षण माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणून नियमच असा की उघड्या डोळ्याला दिसेल तेवढंच धरायचं. कॅमेरा नाही, दुर्बीण नाही. पंचाला दिसलं तर पाटी दाखवून इशारा, पुन्हा दिसलं तर लाल चिठ्ठी. तीन वेगळ्या पंचांच्या चिठ्ठ्या गेल्या की खेळाडू बाहेर. पंच वाकूनही बघत नाही, सरळ उभं राहून बघतो.

म्हटलं, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

"सांगितलं. तुम्ही व्हॉलीबॉलचे गुण शोधत होता."

 मग मी मुद्द्यावर आलो. शनिवारी तू ये आणि परीक्षकांना हेच समजाव. हिने लगेच नाही म्हटलं. पंचाने खेळाडूच्या बाजूने कुठे बोलायचं नसतं, पंचमंडळाचा तसा दंडक आहे. म्हटलं, अगं, तू बाजू घ्यायची नाहीस, नियम सांगायचास. त्या पोरीचं पुढचं वर्ष तुझ्या दहा मिनिटांवर आहे. ही उठून मोरीत गेली आणि पिवळ्या पाट्या धुवायला लागली. त्या स्वच्छच होत्या. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता. मग हात पुसत बाहेर आली.

"शनिवारी किती वाजता?"

हिला कसं पटवायचं ते मला आता जमायला लागलंय.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आजचं नीट लिहून ठेवतो.

ही शाळेत जाते त्याच साडीत आली होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत दोन पाट्या. कप्तानांनी खुर्ची दिली, ही बसली नाही. म्हणाली, उभं राहायची सवय आहे.

आधी हिने फिल्म खऱ्या वेगाने लावायला सांगितली. एक मिनिट. सगळ्यांना म्हणाली, दोन्ही पावलं सुटलेली दिसली की हात वर करा. वर्गात असते तशीच. बूटवाल्यांनी लगेच हात वर केला. मग खाली घेतला. नायिकेने एकदा केला, डॉक्टरांनी भलत्याच वेळी. मी दोनदा केला. कप्तानांनी एकदाही नाही. मिनिट संपलं. ही म्हणाली, "चार जणांनी मिळून पाच वेळा हात वर केले. दोघांचे हात एकदाही एका पावलावर आले नाहीत. पावलं दोनशेच्या आसपास होती."

मग संथ लावायला सांगितली, पण चालणारीच्या मागच्या बाईकडे बघायला सांगितलं. ती हवेत. तिच्या मागची हवेत. एकेक करत सहा जणी दाखवल्या. सगळ्या हवेत.

बूटवाले म्हणाले, "म्हणजे सगळ्याच लबाड."

"म्हणजे सगळ्या माणसाच्या डोळ्यासमोर चालतात," ही म्हणाली. "एक किलोमीटरची फेरी, अशा वीस फेऱ्या. वाटेवर आम्ही आठ पंच, आठ वेगळ्या देशांचे. प्रत्येकासमोरून ती वीस वेळा गेली. एकशे साठ वेळा कुणीतरी फक्त तिचे पाय बघायला उभं होतं. दुसऱ्या कुठल्या खेळाडूला तुम्ही एवढं बघितलंत?"

कप्तानांनी विचारलं, तुम्ही तिला पाटी दाखवली होती का. मी मनात म्हटलं, आता संपलं. ही म्हणाली, "हो. पहिल्या फेरीत. जोशात होती, मला दिसलं, मी दाखवली." पिशवीतून पाटी काढली. पिवळी, त्यावर काळी नागमोडी रेघ. "हिच्यानंतर एकोणीस फेऱ्या ती माझ्यासमोरून गेली. पुन्हा दिसलं असतं तर मी चिठ्ठी लिहिली असती. शेवटच्या फेरीत दिसलं असतं तरी लिहिली असती."

  मी हिच्या हातातल्या पाटीकडे बघत होतो. मूठ जिथे धरते तिथला रंग उडालाय. घरी इतकी वर्षं दाराच्या मागे टांगलेली असते, मला हे कधी दिसलं नव्हतं.

कप्तान एवढंच म्हणाले, "आमच्या वेळी असे पंच हवे होते." मग थोडं थांबून, "नको, नव्हते तेच बरं."

परतताना गाडीत मी बराच बोलत होतो. ही खिडकीतून बाहेर बघत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "कालच पंचमंडळाला पत्र दिलं. मी आज बोलले, म्हणजे ती ज्या शर्यतीत असेल तिथे आता मला उभं राहता येणार नाही."

म्हटलं, चला, तेवढेच काही रविवार मोकळे मिळतील. नाहीतरी तुझे गुडघे दुखतात.

"हो," म्हणाली.

२२ नोव्हेंबर, रविवार

कप्तानांनी स्वतः फोन करून सांगितलं. तीन विरुद्ध दोन मतांनी चालणारी अंतिम पाचांत. कुणी कुठे मत दिलं ते सांगायचं नसतं, पण विरोधात बूटवाले आणि नायिका. पहिला क्रमांक प्रेक्षकांच्या मतांवर ठरेल. तिथेच माझा ऊर भरून आलेला पुन्हा रिकामा झाला.

२९ नोव्हेंबर, रविवार

चालणारीवर निवेदकासाठी दहा ओळी लिहून द्यायच्या होत्या. म्हणून शेवटी ती कात्रणांची फाइल उघडली. स्ट्रायकरची एकशे चौदा कात्रणं. पोहणाऱ्याची बावन्न. चालणारीची तीन. त्यांतलं एक आमच्या पेपरातलं, एप्रिलमधलं. पान बारा, 'थोडक्यात' या सदरात, तळाला. तीन ओळी. तिचं नावही अर्धंच.

मला ती संध्याकाळ आठवली. बातमी अठरा ओळींची होती, फोटोसह. साडेसातला स्ट्रायकरच्या घोट्याचा वैद्यकीय अहवाल आला. घोटा बरा होता, एवढीच बातमी. त्याला चार कॉलम दिले. कात्री दुसऱ्या कुणी लावली असं म्हणायची सोय नाही, पान मी लावलं होतं.

आणि त्या अठरा ओळी मला हिनेच सांगितल्या होत्या. दुपारी उन्हाने लाल होऊन आली होती, पाणीही न पिता सगळी शर्यत सांगत होती, कोण कुठल्या फेरीत मागे पडलं ते. स्वतःच्या पाटीचं मात्र सांगितलं नाही. मी लिहून घेत होतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपर आला तेव्हा ही काही बोलली नव्हती.

वाहिनीने निदान अकरा सेकंद दिले होते.

६ डिसेंबर, रविवार

स्ट्रायकर. एकसष्ट टक्के मतं. चालणारी पाचवी, दोन टक्के.

सभागृहात मी पहिल्या रांगेत, म्हणजे चेहरा सांभाळायची सोय नाही. चालणारीची फिल्म लावली, खऱ्या वेगाने, एवढं निर्मातीने पाळलं. पण खाली संगीत घातलं होतं, टुणटुण, बदकामागे पिल्लं चालतात तसं. माझ्या दहा ओळींपैकी निवेदकाने दोन वाचल्या आणि पुढे स्वतःची कोटी केली की आजपासून मीही लिफ्ट सोडणार. लोक हसले. स्ट्रायकरने भाषणात कुटुंबाचे, देवाचे आणि बूटवाल्यांचे आभार मानले, पण क्रम वेगळा होता.

मेहुण्याचा निरोप मध्यंतरातच आला होता. "भाऊजी, नातं टिकलं."

कार्यक्रम संपल्यावर चालणारीला शोधत गेलो. तिला काहीतरी धीराचं सांगायचं होतं, मनात तयारही होतं. ती निर्मातीपाशी उभी होती. हातात काचेचं स्मृतिचिन्ह, काखेत अंतिम पाचांत आल्याच्या पत्राचं पाकीट. मला बघून उजळली.

"सर, हे पत्र बघा. शिक्का चौकोनी आहे. आमच्या साहेबांना गोल लागतो."

मी म्हटलं, अगं, दोन टक्के. एकसष्ट आणि दोन. तुला राग येत नाही? ती म्हणाली, येतो ना, पण गोल शिक्का मंगळवारपर्यंत मिळाला तर चौदापासून सुट्टी सुरू होईल, नाहीतर महिना जाईल.

निर्मातीने कुठूनतरी गोल शिक्का पैदा केला. मी त्या दोघी कागदावर वाकलेल्या बघत उभा राहिलो. काही लोकांना आपल्यावर अन्याय झाल्याचं कळतच नाही.

१२ डिसेंबर, शनिवार

चालणारीची सुट्टी मंजूर झाली. टपाल कार्यालयातल्या साहेबांनी स्वतः सांगितलं, शिक्क्याची चौकशी करूनच. सोमवारपासून दुपारी एकला ती खिडकी बंद करेल.

उद्या तिची शर्यत आहे, नदीकाठच्याच रस्त्यावर, सहाला सुरू. संपादकांकडून चार कॉलम मागून घेतलेत. म्हणाले, स्ट्रायकर शिंकला नाही तर दिले. म्हटलं, शिंकला तरी तो 'थोडक्यात' शिंकेल. छायाचित्रकाराला साडेपाचला वळणावर उभं राहायला सांगितलंय. त्याने दोनदा विचारलं, नक्की चालण्याचीच शर्यत ना.

संध्याकाळी एक नवीन पंच मुलगी घरी आली होती. हिने तिला दोन्ही पाट्या दिल्या. कशा धरायच्या, वाकायचं नाही, शंका आली तर दाखवायची नाही, सगळं दारातच सांगितलं. मुलगी गेल्यावर मी विचारलं, एवढ्यात पाट्या का देऊन टाकल्यास, चालणारी नसेल त्या शर्यतींना लागतील की.

"अशी शर्यत कुठली?" ही म्हणाली. "इथे होतात त्या सगळ्या शर्यतींत ती असते."

मी दाराच्या मागे पाहिलं. दोन खिळे होते, भिंतीवर पाट्यांच्या आकाराचे दोन फिकट गोल. सिग्नलला गाडी थांबली होती तेव्हा मी काय म्हणालो होतो ते आठवलं, आणि ते इथे पुन्हा लिहायची हिंमत नाही.

मग म्हटलं, उद्या मी जातोय, तू येशील? प्रेक्षकांत? ही म्हणाली, बावीस वर्षांत मी दोरीच्या त्या बाजूला उभी राहिलेली नाही, तिथे काय करतात तेही माहीत नाही. म्हटलं, विशेष काही नाही, टाळ्या वाजवतात. पंचाला टाळ्या वाजवायला मनाई असते, हे मला आज कळलं. म्हणजे एप्रिलमध्ये ती पहिली आली तेव्हाही ही वळणावर हात खाली सोडून उभी होती.

गजर साडेचारचा हिनेच लावलाय. दोन पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्यात, आणि माझी टोपी. चालणारी सकाळी सहाला निघेल आणि साडेसातच्या सुमारास शेवटच्या वळणावर येईल. तिथे ही टाळ्या वाजवेल, असा अंदाज आहे. हिने अजून दुजोरा दिलेला नाही.